कोरकू घर, मराठी शाळा, हिंदी मोबाइल: तालुक्याचं भाषा-वाचन सर्वेक्षण कसं करावं

मेळघाटातल्या धारणी तालुक्यात अनेक मुलांच्या एकाच दिवसात तीन भाषा येतात. घरात आणि ढाण्यावर (म्हणजे वस्तीवर) कोरकू, शाळेच्या फळ्यावर मराठी, बाजारात आणि मोबाइलवर बहुतेक वेळा हिंदी. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. मराठीशी तिचं नातं शेजाराचं आहे, रक्ताचं नाही. त्यामुळे चौथीतल्या मुलाला मराठीचा धडा वाचता येत नाही असं दिसलं, तर त्याला वाचताच येत नाही, की अक्षरं जुळवता येतात पण मराठी कळत नाही, हे नुसत्या वाचन चाचणीतून समजत नाही. या दोन अडचणींवरचे उपायही वेगळे आहेत. इथली पद्धत हे दोन भाग वेगळे करून मोजण्यासाठी आहे. उदाहरण धारणीचं घेतलं असलं तरी नंदुरबारमध्ये पावरी किंवा भामरागडमध्ये माडिया असली, तरी रचना हीच राहते. यादीतली नावं आणि वेळापत्रक तेवढं बदलतं.

आधी एकच प्रश्न कागदावर लिहून काढा. उदाहरणार्थ: ‘तालुक्यातल्या तिसरी ते पाचवीच्या किती मुलांना मराठी मजकूर उलगडता येतो पण कळत नाही, आणि त्याचा घरच्या भाषेशी व मोबाइल-टीव्हीशी काय संबंध दिसतो?’ या वाक्यात न बसणारा प्रत्येक प्रश्न फॉर्ममधून काढून टाका. शौचालय, रेशनकार्ड, जनावरांची संख्या हे सगळं ‘असू दे, पुढे उपयोगी पडेल’ म्हणून घुसतं आणि मुलाच्या चाचणीची वेळ येईपर्यंत घरातली माणसं कंटाळलेली असतात.

घरची भाषा कशी विचारावी

बहुतेक सर्वेक्षणं इथेच फसतात. फॉर्मवर ‘मातृभाषा’ असा एक रकाना असतो, सर्वेक्षक विचारतो, समोरचा ‘मराठी’ म्हणतो, आणि रकाना भरतो. विचारणारा शहरी कपड्यांत, हातात टॅब, तोंडी प्रमाण मराठी; त्याच्यासमोर मराठी म्हणणं सोयीचं असतं. काही ठिकाणी उत्तर ‘आमची भाषा’, ‘आदिवासी’ किंवा ‘गावठी’ असं येतं आणि सर्वेक्षक स्वतःच्या अंदाजाने काहीतरी टिपतो. शाळेच्या नोंदवहीतून भाषा घेतली तर आणखी वाईट, कारण ती दाखल्याच्या दिवशी कुणीतरी घाईत भरलेली असते.

भाषेचं नाव विचारण्याऐवजी प्रसंग विचारा. पाच प्रसंग पुरतात:

१. आई मुलाला जेवायला हाक मारते ती कोणत्या भाषेत?
२. आजी-आजोबा मुलाशी काय बोलतात?
३. मूल भावंडांशी भांडतं ते कोणत्या भाषेत?
४. ढाण्यावर खेळताना मुलं आपसात काय बोलतात?
५. वर्गात न समजल्यावर मूल शेजारच्या मुलाला कोणत्या भाषेत विचारतं?

पहिले तीन प्रश्न आईला किंवा घरातल्या मोठ्या बाईमाणसाला, शेवटचे दोन मुलाला. प्रत्येक प्रसंगासाठी दोन भाषा नोंदवायची सोय ठेवा, कारण ‘थोडी कोरकू, थोडी हिंदी’ हे उत्तर खरं असतं. सहावी नोंद सर्वेक्षकाने स्वतः करायची: तुम्ही अंगणात बसलेले असताना घरातली माणसं आपसात कोणत्या भाषेत बोलली? ही नोंद सांगितलेल्या उत्तराशी जुळत नसेल तर उत्तर बदलू नका, दोन्ही ठेवा. जिथे हे दोन रकाने जुळत नाहीत ती घरं पुढे विश्लेषणात फार कामाची ठरतात.

लोकांनी सांगितलेलं नाव जसंच्या तसं एका रकान्यात, आणि तुम्ही त्या भाषेला दिलेला संकेत (कोड) दुसऱ्या रकान्यात. २०११ च्या जनगणनेत लोकांनी मातृभाषेची १९,५६९ नावं सांगितली. छाननीनंतर ती १,३६९ मातृभाषांत आणि पुढे १२१ भाषांत बसवली गेली. त्या वर्गवारीत अहिराणी ‘खानदेशी’खाली जाते आणि पावरी ‘भिली’खाली. जनगणनेला तसं करावं लागतं. तुम्ही तालुक्यात काम करताना आधीच अशी गाठोडी बांधली तर नंतर ती सोडता येत नाहीत.

शिक्षकासमोर किंवा शाळेच्या आवारात हे प्रश्न विचारू नयेत. ‘वर्गात मराठीच बोलायचं’ असं सांगितलं गेलेलं मूल तिथे खरं उत्तर देणार नाही.

गावं किती, घरं कोणती

‘असर’ हे ग्रामीण मुलांच्या वाचन-गणिताचं सर्वेक्षण २००५ पासून घरोघरी जाऊन एकेका मुलाची चाचणी घेतं, बहुतेक वेळा जिल्ह्यात ३० गावं आणि गावात २० घरं या हिशेबाने. घरी जाण्याचं कारण साधं आहे: शाळेत गेलात तर त्या दिवशी आलेलीच मुलं सापडतात. जी येत नाहीत त्यांचीच खरी काळजी असते.

तालुक्यासाठी आकडा असा काढा. एखादं प्रमाण (समजा, परिच्छेद वाचू शकणारी मुलं) ९५ टक्के खात्रीने, १० टक्के-बिंदू इकडेतिकडे धरून सांगायचं असेल तर साध्या यादृच्छिक नमुन्यात ९७ मुलं लागतात. पण आपण गावागावांत जाऊन मुलं घेतो आणि एका गावातली मुलं एकमेकांसारखी असतात: शाळा तीच, शिक्षक तेच, भाषा तीच. हे साम्य ०.१५ धरलं आणि गावात १० मुलं घेतली, तर गुणक १ + (१० − १) × ०.१५ = २.३५ येतो. ९७ गुणिले २.३५ म्हणजे २२८. दहातलं एक मूल सापडणार नाही किंवा नको म्हणेल असं धरून २५४. म्हणजे २६ गावं.

गावात १० ऐवजी २० मुलं घेतली तर गावं २१ लागतात, पण मुलं २६० वरून ४२० होतात. पाच गावांचा प्रवास वाचवायला १६० मुलांच्या जास्तीच्या चाचण्या, हा सौदा बहुतेक वेळा तोट्याचा. साम्याचा आकडा तुमच्या भागात ०.२५ सुद्धा निघू शकतो. आधीचं काही सर्वेक्षण हाताशी असेल तर त्यावरून काढा.

गावं निवडताना २०११ ची जनगणना गावयादी घ्या. गावांसमोर घरांची संख्या लिहा आणि वरून खाली बेरीज चढवत जा. समजा एकूण २६,००० घरं झाली, तर २६ गावांसाठी टप्पा १,००० चा. १ ते १,००० मधला एक आकडा चिठ्ठी टाकून काढा, समजा ४१२. मग चढत्या बेरजेत ४१२ वं, १,४१२ वं, २,४१२ वं घर ज्या गावात पडतं ती गावं तुमची. याने मोठ्या गावाला मोठी संधी मिळते आणि प्रत्येक गावात सारखीच मुलं घेतली की हिशेब बराचसा समतोल राहतो. मात्र यादी जुनी आहे, पुनर्वसनामुळे काही गावं हललेलीही आहेत. यादी तहसील किंवा पंचायत समितीत पडताळून घेतल्याशिवाय चिठ्ठी काढू नका. ‘हे गाव लांब आहे, त्याऐवजी रस्त्यावरचं घेऊ’ ही अदलाबदल मुळीच नको. लांबच्या गावातच बहुधा घरची भाषा जास्त टिकलेली असते, म्हणजे तुम्ही जे मोजायला निघालात तेच गळतं.

गावात पोचल्यावर पहिला अर्धा दिवस यादीसाठी ठेवा. अंगणवाडी सेविका आणि आशाताईंकडून तिसरी ते पाचवीचं मूल असलेल्या घरांची यादी करा आणि मग स्वतः सगळे ढाणे फिरा. मुख्य वस्तीपासून सुटलेले ढाणे नोंदवहीत अर्धेच असतात. पक्क्या यादीतून ठराविक अंतराने दहा घरं निवडा. यादीत ४७ घरं असतील तर अंतर ४ घ्या आणि सुरुवात चिठ्ठीने काढा. दहा पूर्ण झाली की थांबा. पण ती यादी ढाण्यांच्या क्रमाने लिहू नका, नाहीतर शेवटचा ढाणा नेहमी सुटेल. आधी घरांचे क्रमांक कालवून घ्या.

एका घरातून एकच मूल घ्यावं. भावंडं शेजारी बसून गोष्ट आधीच ऐकतात. मूल निवडायला ‘ज्याचा वाढदिवस आधी येतो ते’ हा पुस्तकी नियम इथे चालत नाही. दाखल्यावर १ जून ही जन्मतारीख असलेली मुलं अजून सापडतात. घरातल्या पात्र मुलांना वयाप्रमाणे क्रमांक द्या आणि चिठ्ठी काढा. त्या घरात पात्र मुलं किती होती हेही लिहा, कारण तीन मुलांच्या घरातल्या मुलाला विश्लेषणात तिप्पट वजन द्यावं लागतं. हा रकाना विसरला तर नंतर तो कुठूनच मिळत नाही.

घराला कुलूप असेल तर वेगळ्या वेळी दोनदा परत जा आणि मगच ‘बंद’ लिहा. शेजारचं घर बदली म्हणून घेऊ नका. दहातली एक गळती आकड्यात आधीच धरलेली आहे.

आश्रमशाळेतल्या मुलांचा निर्णय आधीच घ्या. घरोघरी सर्वेक्षणात ती सापडत नाहीत आणि आदिवासी तालुक्यात ती थोडीथोडकी नसतात. ती सोडली तर अहवालात तसं ठळक लिहा. घ्यायची असतील तर घराच्या यादीत त्यांची नोंद करा, निवड घरातूनच होऊ द्या आणि चाचणी आश्रमशाळेत जाऊन घ्या. त्यासाठी धारणीच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाची लेखी परवानगी लागेल. ग्रामपंचायतीला पत्र आणि पोलीस पाटलांना आगाऊ निरोप तर सगळीकडेच हवा.

वेळापत्रक पंचांग आणि शेत पाहून ठरतं. दिवाळीनंतर कामासाठी कुटुंबं बाहेर पडायला लागतात, त्यांच्याबरोबर मुलंही. होळीला माणसं परततात, पण त्या दिवसांत चाचणीला कुणी बसणार नाही. विदर्भात शाळा जूनअखेर सुरू होते, जुलै-ऑगस्टमध्ये नाल्यांना पूर असतो. राहतो तो सप्टेंबरच्या मध्यापासून दिवाळीपर्यंतचा काळ. आठवडी बाजाराच्या दिवशी त्या भागात जाऊ नका. रविवार सगळ्यांत चांगला, इतर दिवशी सकाळी लवकर किंवा संध्याकाळी पाचनंतर.

चाचणी: वाचणं वेगळं, कळणं वेगळं

चाचणीचे दोन भाग. पहिला मराठी वाचनाचा, दुसरा ऐकून समजण्याचा, आणि तो तिन्ही भाषांत.

वाचनाच्या पत्रकावर चार पायऱ्या ठेवा: अक्षरं, शब्द, चार सोप्या वाक्यांचा परिच्छेद, आठ-दहा वाक्यांची गोष्ट. सुरुवात परिच्छेदापासून करा. जमला तर वर गोष्टीकडे, अडला तर खाली शब्दांकडे. मुलाला सरळ अक्षरांपासून सुरू केलं तर वेळ जातो आणि वाचणारं मूल ओशाळतं. शब्दांत पाचपैकी चार बरोबर आले की ती पायरी पार, अक्षरांतही तसंच. परिच्छेदात तीनपेक्षा जास्त चुका नकोत आणि मूल वाक्य म्हणून वाचत असावं, एकेक शब्द सुटा उच्चारत नसावं.

शब्द निवडताना बालभारतीच्या पहिली-दुसरीच्या पुस्तकांतले घ्या, पण बिनकान्याचे (‘घर’), कान्या-वेलांटीचे (‘पाणी’) आणि जोडाक्षरांचे शब्द वेगवेगळ्या ओळींत ठेवा. मुलं जोडाक्षरांत आणि रफारात अडतात. हे शब्द एकाच ढिगात घातले तर अडचण नेमकी कुठे आहे ते दिसत नाही. अक्षरांच्या यादीत ‘ञ’, ‘ङ’ सारखी क्वचित येणारी अक्षरं टाकून काही साधत नाही. वेगही मोजायचा असेल तर शब्दांचं एक वेगळं पत्रक साठ सेकंद घड्याळ लावून वाचून घ्या. मूल तीन सेकंद अडलं की पुढच्या शब्दाकडे बोट दाखवा, आणि पहिली पूर्ण ओळ चुकली तर थांबा. अशा मुलाला आणखी पाच ओळी रडवून कुणाला काही कळत नाही.

उच्चार आणि चूक यांतली रेघ प्रशिक्षणातच ठरवा. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हटलं तर चूक नाही. वऱ्हाडात ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, अहिराणीतही ळचा य होतो. तीही चूक नाही. मुलाने अक्षर ओळखलं आहे, फक्त आपल्या बोलीत उच्चारलं आहे. कोरकू मुलांच्या अशा उच्चारांची यादी पूर्वचाचणीत गोळा करा आणि प्रत्येक सर्वेक्षकाच्या पत्रकामागे चिकटवा. मुलाने स्वतःहून सुधारलेलं उत्तर बरोबर धरा. हा नियम लेखी नसला तर पुण्याहून आलेला सर्वेक्षक आणि धारणीचा सर्वेक्षक एकाच मुलाला वेगळे गुण देतात आणि ते ‘गावांमधला फरक’ म्हणून अहवालात छापलं जातं.

आता ऐकण्याचा भाग. साठेक शब्दांच्या तीन गोष्टी तयार करा, अ, ब आणि क. प्रत्येकीत एकच घटना, दोन-तीन पात्रं, तालुक्यात दिसणाऱ्याच गोष्टी: मोहाची फुलं वेचायला गेलेली आजी चालेल, लोकल ट्रेन नको. प्रत्येक गोष्टीवर पाच प्रश्न: तीनांची उत्तरं सरळ गोष्टीत सापडावीत, एक कारणाचा, एक ‘पुढे काय होईल’ असा. तिन्ही गोष्टी तिन्ही भाषांत करा. भाषांतर एकाने करावं, आणि दुसऱ्याने मूळ न पाहता ते परत मराठीत आणावं. जिथे दोन मराठी मजकूर वेगळे निघतात ते वाक्य बदला. कोरकू मजकूर तालुक्यातल्याच दोन वेगळ्या गावांतल्या माणसांना ऐकवा, कारण एका गावाचा शब्द दुसऱ्या गावी अनोळखी असू शकतो.

गोष्ट सर्वेक्षकाने वाचून दाखवू नये. प्रत्येक भाषेत त्या भाषेत वाढलेल्या माणसाच्या आवाजात मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि लहान स्पीकरवर ऐकवा, म्हणजे सगळ्या मुलांनी एकच आवाज, एकाच गतीने ऐकलेला असतो. गोष्ट दोनदा ऐकवा. प्रश्नांचं उत्तर मुलाने कोणत्याही भाषेत दिलं तरी चालेल. आशय बरोबर तर गुण पूर्ण. मराठी गोष्ट ऐकून कोरकूत दिलेलं बरोबर उत्तर म्हणजे मराठी समजली.

कोणत्या मुलाला कोणती गोष्ट कोणत्या भाषेत, हे फिरतं ठेवा. पहिल्या गटाला अ कोरकूत, ब मराठीत, क हिंदीत. दुसऱ्याला ब कोरकूत, क मराठीत, अ हिंदीत. तिसऱ्याला क कोरकूत, अ मराठीत, ब हिंदीत. भाषांचा क्रमही बदलता हवा, नाहीतर शेवटची भाषा कंटाळ्याने मार खाते. हे केलं नाही आणि अ गोष्टच मुळात सोपी निघाली, तर कोरकूचे गुण उगीच वर दिसतील.

हिंदी कशाला, असा प्रश्न येतो. लिपी मराठीचीच असल्यामुळे हिंदी समजणारं मूल मराठी मजकूर अक्षर लावून वाचून जातं आणि अर्ध्या अर्थाचा अंदाज बांधतं. हिंदी मोजली नाही तर हा अंदाज तुम्ही मराठीच्या खात्यात जमा कराल.

मोबाइल आणि टीव्ही

‘घरात स्मार्टफोन आहे का?’ याचं ‘हो’ फार थोडं सांगतं. फोन वडिलांच्या खिशात, वडील कामावर, रिचार्ज संपलेला. मुलाच्या हाती काय येतं? म्हणून चार प्रश्न: फोन आहे का, काल तो दिवसा घरात होता का, काल त्यात डेटा चालू होता का, काल मुलाने तो हातात घेतला का आणि साधारण किती वेळ. ‘सहसा’, ‘रोज’, ‘कधीकधी’ हे शब्द टाळा, ‘काल’ विचारा. कालचा दिवस बाजाराचा किंवा सणाचा असेल तर तशी नोंद करा. वेळ मिनिटांत विचारू नका. ‘शाळेतून आल्यापासून अंधार पडेपर्यंत’ अशा खुणांनी विचारा.

भाषेसाठी मुलाला विचारा, ‘काल काय पाहिलंस ते सांग.’ कार्यक्रमाचं, व्हिडिओचं किंवा गाण्याचं नाव लिहा आणि भाषा तुम्ही नंतर लावा. मुलाने ‘कार्टून’ म्हटलं तर त्यातलं एक वाक्य म्हणून दाखवायला सांगा, भाषा लगेच कळते. फोन हातात घेऊन त्यातला इतिहास पाहणं मात्र वर्ज्य. टीव्हीबाबत पडद्यावर अक्षरं येतात का, गाण्याखाली ओळी येतात का, तेही विचारा. दूरदर्शनवरच्या ‘चित्रहार’ आणि ‘रंगोली’त गाण्याच्याच भाषेतल्या ओळी खाली दाखवण्याचा प्रयोग ब्रिज कोठारी यांनी याच विचाराने पुढे नेला की आवडीचं पाहताना वाचनही होतं.

एखाद्या रेडिओ कार्यक्रमाचा किंवा अॅपचा परिणाम शोधायचा असेल तर नुसतं सर्वेक्षण पुरत नाही, तुलनेची गावं लागतात. १९५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने मराठी भागातल्या १५० गावांत रेडिओ शेती मंडळं (शेतीचा कार्यक्रम एकत्र ऐकून चर्चा करणारे गट) चालवली. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने त्याचं मूल्यमापन करताना मंडळ असलेली गावं, रेडिओ असून मंडळ नसलेली गावं आणि रेडिओच नसलेली गावं अशी तुलना केली, कार्यक्रमाच्या आधीही विचारलं आणि नंतरही. मधला गट नसता तर बदल रेडिओमुळे झाला की एकत्र बसून चर्चा केल्यामुळे, हे सांगता आलं नसतं. आज अॅप वाटणाऱ्यांनी हा मधला गट ठेवला तर निम्मे वाद मिटतील.

माणसं

दोघांची जोडी, त्यातल्या एकाला कोरकू घरच्यासारखी आली पाहिजे. बारावी झालेली स्थानिक मुलं-मुली हे काम बाहेरच्या पदवीधरांपेक्षा चांगलं करतात. फक्त स्वतःच्या गावात त्यांना पाठवू नका. प्रशिक्षण चार दिवस: दोन दिवस बसून, एक दिवस नमुन्यात नसलेल्या गावात, एक दिवस चुका दुरुस्त करायला. सगळ्यांना एकाच मुलाच्या वाचनाचं रेकॉर्डिंग ऐकवून गुण द्यायला लावा. दहातले नऊ शब्द सगळ्यांनी सारखे तपासेपर्यंत कुणालाही गावात सोडू नये.

एका घराला ४५ मिनिटं धरा: संमतीला पाच, मोठ्यांच्या प्रश्नांना पंधरा, मुलाला पंचवीस. यादीसह एका गावाला जोडीचे तीन दिवस. २६ गावांचे ७८ जोडी-दिवस. सहा जोड्या असतील तर तेरा दिवस, शिवाय पावसाचे दोन राखीव. गटप्रमुखाने दर गावात एका घरी परत जाऊन पाच मोजके प्रश्न पुन्हा विचारायचे. कुठल्या घरी, हे जोडीला आधी कळू नये.

संमती पालकांची आणि होकार मुलाचाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्यांना बालक मानतो आणि पालकांची पडताळता येणारी संमती मागतो. संमतीचा मजकूर कोरकूत बोलून सांगा. मराठी कागदावर अंगठा घेतला म्हणजे संमती झाली असं होत नाही. मूल गप्प झालं, मान खाली घातली, की थांबा. मुलाचं नाव फॉर्मवर नको, क्रमांक पुरे. नाव आणि क्रमांकाची जोडयादी वेगळ्या कागदावर, कुलपात.

फॉर्म, फॉन्ट आणि आकडे

मोबाइलवर फॉर्म भरण्यासाठी कोबो टूलबॉक्स किंवा ओडीके ही साधनं आहेत; दोन्ही फुकट मिळतात आणि नेटवर्कशिवाय चालतात. रेंजमध्ये आल्यावर माहिती वर चढवायची. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. कृतीदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधून थेट चिकटवलेला मजकूर फॉर्ममध्ये कचरा होऊन दिसतो. संख्येच्या रकान्यात देवनागरी ‘७’ टाइप केला तर तो नाकारला जातो किंवा अक्षर म्हणून साठतो, मग वयाची सरासरी निघत नाही. म्हणून संख्या कळफलकाऐवजी पर्यायांतून निवडायला लावा. भाषांचंही तसंच. मोकळ्या रकान्यात ‘कोरकू’, ‘कोरकु’, ‘कुरकू’ असं आलं की तक्त्यात तीन भाषा तयार होतात. म्हणूनच सांगितलेल्या नावाशेजारी संकेताचा रकाना निवडीचा ठेवायचा. उतरवलेली फाइल एक्सेलमध्ये सरळ उघडली तर देवनागरीच्या जागी चिन्हांची गर्दी दिसते. ती आयात करताना यूटीएफ-८ निवडा.

वाचनाचं पत्रक मात्र कागदाचंच, अक्षर मोठं, २४ पॉइंटच्या वर, आणि चकाकणारं लॅमिनेशन नको. अंगणातल्या उन्हात त्यावरचं काही दिसत नाही.

आकडे कसे वाचायचे

आधी वजनं लावा, मग प्रत्येक मुलाला दोन कसोट्यांवर ठेवा: परिच्छेद वाचतो का, आणि मराठी गोष्ट समजते का (समजा, पाचपैकी तीन उत्तरं). चार गट पडतात. दोन्ही जमणारी मुलं ठीक. मराठी समजते पण वाचता येत नाही, ती मुलं वाचन शिकवण्यात मागे राहिली आहेत; त्यांना अक्षर-मात्रांचा सराव हवा. वाचता येतं पण समजत नाही, हा गट शाळेच्या तपासणीत नेहमी ‘उत्तीर्ण’ दिसतो आणि पाचवीनंतर गणिताच्या शाब्दिक उदाहरणांत कोसळतो. त्यांना आणखी वाचन देऊन काही होत नाही, मराठी बोलायला आणि ऐकायला मिळायला हवी. दोन्ही न जमणाऱ्यांचे कोरकू गोष्टीचे गुण पाहा. कोरकूत पाचपैकी चार असतील तर मुलाच्या समजेत खोट नाही, त्याला घरच्या भाषेतून सुरुवात हवी आहे. कोरकूतही शून्य असेल तर ऐकू येतं का, इथपासून तपासा, आणि त्या दिवशी स्पीकर नीट वाजत होता का तेही.

घरची भाषा आणि गुण यांचा तक्ता करताना आईचं शिक्षण, पक्क्या रस्त्यापासूनचं अंतर आणि शाळेत किती शिक्षक आहेत हे शेजारी ठेवा. कोरकू घरं दुर्गम ढाण्यांवर जास्त असतील तर कमी गुणांचं खापर भाषेवर फुटेल आणि दोन शिक्षकांवर चालणारी शाळा सुटून जाईल. मोबाइलबाबत तर ‘मोबाइल पाहणारी मुलं चांगलं वाचतात’ एवढंच लिहा, ‘मोबाइलमुळे’ लिहू नका. ज्या घरात रिचार्जला पैसे आहेत त्या घरात वह्या-पुस्तकंही असतात. २६० मुलांच्या नमुन्यातून तालुक्याचं चित्र मिळतं, गावाचं नाही. दहा मुलांवरून गावांची क्रमवारी लावून ती पंचायत समितीला देण्याचा मोह होतो आणि कुणीतरी मागतंही. देऊ नका, त्या क्रमवारीत चिठ्ठीच्या नशिबाचा भाग मोठा असतो.

गावांना निकाल परत द्यायचा तो ग्रामसभेत, कोरकूत, एका पानावर: तालुक्यात शंभरपैकी किती मुलं कोणत्या गटात. शाळेचं किंवा मुलाचं नाव त्यात नसावं. मुलांची रेकॉर्डिंगं गुणांची तपासणी संपली की पुसून टाका आणि जोडयादीचा कागद कोणत्या तारखेला नष्ट करणार, ते संमतीच्या वेळीच पालकांना सांगून ठेवा.